हाताने बसवलेले

पिसुर्ल्याच्या वजनकाट्यावरचा जुना संगणक
पंचायतीने वाचनालयासाठी मागून घेतला,
आणि तो जागा करायला मला डिचोलीहून बोलावलं.
डबा उघडला तर आत खनिजाची लाल पूड,
पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या फटीत.
ब्रशने झाडली तरी बोटांना राहिलीच.

सगुण माजीक शेजारी बसून होते.
बावीस वर्षं त्यांनी याच पडद्यावर ट्रक मोजले:
भरलेला, रिकामा, फरक, पावती.
"विंडोज नाका म्हूण कंपनीचो इंजिनियर हें घालून गेलो,"
ते म्हणाले, "मागीर तोय गेलो."

काळ्या पडद्यावर मी आज्ञा दिली: अपडेट.
एकेक पत्ता तपासून ती परत आली.
सापडत नाही. सापडत नाही. सापडत नाही.
ही आवृत्ती आता फक्त जुन्यांच्या भांडारात मिळते.
सोर्सेसच्या यादीत पत्ता बदलला,
मोबाइल खिडकीच्या गजाला टांगला, तिथेच काय ती रेंज,
आणि याद्या रांगत रांगत उतरू लागल्या.

एक पॅकेज दुसऱ्यासाठी अडून बसलं,
दुसरं अशा एका लायब्ररीसाठी
जिला सांभाळणारा कुणी उरला नव्हता.
तुटलेलं जोडलं, अर्धवट बसलेलं पुन्हा बसवलं.
तासाभराने लांबलचक यादी आली, वर एक ओळ:
खालील पॅकेजे आपोआप बसवली गेली होती
आणि आता त्यांची गरज नाही.
ऑटोरिमूव्ह करू? वाय की एन?

सगुणबाबांनी चष्मा पुसला,
मतदारयादी वाचावी तसं बोट फिरवत राहिले.
मग म्हणाले, खाण होती म्हणून टिप्पर,
टिप्पर होते म्हणून रामनाथचं टायरचं दुकान,
शेवंतीची भजी, भज्यांच्या मिरच्या आणणारा
पर्येचा तो भाजीवाला...
"आमकां कोणेंच वाय काय एन म्हूण विचारूंक ना."

मी काही बोलले नाही.
यावर मॅन्युअलच्या पानातही काही नसतं.

"हें बारीक कितें?"
पावती छापायच्या प्रिंटरचा ड्रायव्हर. चाळीस केबी.
वाचनालयाला त्याचा उपयोग शून्य.
मी एन दाबलं आणि त्याच्या नावावर शेरा मारला:
मॅन्युअल. म्हणजे हे आपोआप आलेलं नाही,
कुणीतरी हाताने बसवलंय.

मग पुन्हा ऑटोरिमूव्ह. वाय.
नावं भराभर वर सरकत गेली.
तीनशे बारा एमबी जागा मोकळी झाल्याचं कळलं.
"इतली?" सगुणबाबा म्हणाले,
आणि टेबलावरची लाल पूड तळहाताने
एका कडेला लोटत राहिले.