बदक

बाल्साची फळी हातावर ठेवली
तर तळहात म्हणाला, अजून दिलं नाही काही.
तीस वर्षं सागवान, देवदार हाताळलेला हात,
भोसरीच्या फाउंड्रीत, पॅटर्न शॉपला;
लाकूड तो वजनावरून ओळखायचा.

"सावरीच्या भावकीतलं झाड आहे काका,"
खालच्या मजल्यावरची शाल्मली म्हणाली.
अकरावीत आहे. स्वतःच्या नावाची
पुरती चौकशी करून ठेवलेली पोरगी.

नकाशा डायनिंग टेबलावर, वरून मेणकागद.
रविवारी पाहुणे येणार, बायकोनं बजावलं.
पाहुणे आले, सोफ्यावर बसून
ताटं मांडीवर घेऊन जेवले,
कारण टेबलावर बत्तीस रिबा टाचण्यांच्या आधारानं उभ्या
आणि डिंक ओला.

याचं सगळंच मागचं पुढं.
छोटा पंख नाकाशी, मोठा पंख पार मागं,
आणि फिरता पंखा त्याच्याही मागं, ढकलायला.
फ्रेंच लोक याला बदक म्हणतात.
लिफ्टमध्ये निमकर बघत राहिले चौथ्यापासून तळापर्यंत,
म्हणाले, "तुम्ही उलटं जोडलंय."
मी हो म्हणालो.
पुण्यात चूक दाखवणाऱ्याला नाही म्हटलं
तर संध्याकाळ जाते.

खरी चूक वेगळीच होती.
मापं घेतली मी जुन्या पट्टीनं.
फाउंड्रीची पट्टी मुद्दाम खोटं बोलते, शंभराला एक जास्त,
कारण लोखंड थंड होताना अंग चोरतं.
इथं ओतायचं काही नव्हतं,
निवायचं काही नव्हतं,
अख्खं बदक शंभराला एकानं मोठं झालं.
"असू दे," शाल्मली म्हणाली, "वाढत्या अंगाचं."

मग फिल्म, कपड्यांच्या इस्त्रीनं.
मग तपकीर गल्लीतून आणलेली मोटर,
जी आधी उलटी फिरली, मग अजिबात नाही, मग बरोबर.
मग तोल.
खुणेपाशी दोन बोटांवर धरलं
की शेपटीकडं बसायचं, खरंच बदकासारखं.
बॅटरी सरकवली पुढं, आणखी पुढं.
तरी बावीस ग्रॅम कमी.

खणात होतं एक पितळी टोकन, गेटवरचं, नंबर एकशे सत्त्याऐंशी.
काट्यावर टाकलं. बावीस.
नाकात बसवून टाकलं, वर टेप.

पिरंगुटच्या पुढं, हरभरा काढलेलं रान,
सकाळचे सात, वारा अजून उठायचा होता.
शाल्मलीनं पोटाखालून धरून फेकलं
आणि बोटं झटकन मागं घेतली.
गेलं.

मला हाव सुटली. काडी ओढली,
वर, आणखी वर.
पुढच्या पंखाखालची हवा संपली,
नाक हातभर खाली झुकलं,
वेग आला, परत उचललं.
पुन्हा ओढलं. पुन्हा तसंच.
दर खेपेला छोटा पंख आधी हरायचा
म्हणून मोठा हरत नव्हता.
रचनाच तशी आहे, पुस्तकात आकृती आहे, मी दहादा वाचलेली.

शिंगोटेनं सही केली तो मंगळवार होता.
दोघांतला एक, असं साहेब म्हणाले होते,
आणि मी अजून चष्मा शोधत होतो.
कँटीनला त्यानं मिसळ मागवली, तीन पाव खाल्ले,
"माझी पोरं हाताशी आलीत," म्हणाला,
आणि टोकन माझ्या डब्यात टाकलं, झाकण लावलं.
पुढं अकरा वर्षं मी पगार घेतला.

रिमोट शाल्मलीकडं दिला.
तिनं घिरट्या घातल्या, माझ्यापेक्षा बऱ्या,
आणि ढेकळांत उतरवलं. एक फट, नाकाजवळ.
शेळ्यांमागचा पोरगा धावत आला:
"ते उलटं उडत हुतं?"

टेप सोडवताना तिनं नंबर वाचला.
"हा कोणाचा, काका? तुमचा?"
मी खिशात सुपरग्लू चाचपत राहिलो,
ती बाटली
केव्हाची माझ्या डाव्या हाताला चिकटलेली होती.