जस्ताचे बारा पत्रे

मी काही काढलं नाही. मी फक्त पत्रे टांगले.
बारा, वहीच्या पानाएवढे, आरशासारखे घासलेले,
नंदेसरीच्या वाटेवर: चहाच्या टपरीमागे,
वजनकाट्याच्या खांबाला, शाळेच्या टाकीखाली,
एक मिनी नदीच्या पुलावर, कठड्याला, तारेनं.

टपरीवरच्या मंगूबेननं विचारलं, माकडं हाकलायला का?
म्हटलं, हवा काय लिहिते ते बघायचंय.
ती म्हणाली, हवा लिहीत नाही गं,
हवा चाटते.

कॉलेजात शिकवलं होतं, तेजाब पत्रा कसा खातं:
घड्याळ लावून. गडद रेषेला वीस मिनिटं, हलकीला पाच.
पिसानं बुडबुडे झटकत राहायचं
आणि खिडकी उघडी ठेवायची,
कारण बाहेरची हवा चांगली.

इथे घड्याळ नव्हतं. चार महिने होते.
मी वही घेऊन बसायचे टपरीवर.
पहाटे सहा: ओल्या काडेपेटीचा वास.
दुपारी: लसूण, पण कुणी न सोललेला.
रात्री दोन: वास नाही, जिभेच्या कडेला एक नाणं.
लांब कुठेतरी वाफ सुटायची, एकच अक्षर, श,
इतकं लांब की थांबलं तेव्हा कान दुखले.
कोयलीची ज्योत ढगाचं पोट खालून शेकत होती.

मग शब्द संपले.
खमंग, खवट, कुबट, करपट, आंबूस:
आपल्या भाषेतले वास सगळे
स्वयंपाकघरात नाहीतर माळ्यावर जन्मलेले.
त्या रस्त्यावर त्यांतला एकही
रिक्षातून खाली उतरेना.

म्हणून गेले नवापुऱ्यात, तुळाजीराव शितोळ्यांकडे.
एकतीस वर्षं पाइप गंजले किती ते तपासत हिंडले.
आता वास येत नाही त्यांना.
कसा गेला?
पगार आला तसा, म्हणाले. दर महिन्याला थोडा.
आमटी करपली तर सून हाक मारून सांगते.

चष्मा काढून ठेवला. अंगठा फिरवला पत्र्यावरून,
जसा कुणी झोपलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतो,
ताप आहे का बघत.
हा वजनकाट्याचा. डिझेलची काजळी, आत पत्रा शाबूत.
हा पुलावरचा. बघ, खड्डे सगळे एकाच कुशीवर झोपलेत,
वारा बदललाच नाही.
हा?
शाळेचा, म्हटलं.
त्यांनी तो पालथा ठेवला.

छाप निघाले, भिंतीवर लागले.
पाहणारे म्हणाले, चंद्र. कुणी म्हणालं, मोहरीचं शेत, विमानातून.
एका बाईंना त्यांच्या आजोळची ओली भिंत दिसली
आणि त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.
शितोळे इस्त्रीच्या शर्टात आले होते.
एकेका चित्रापुढे थांबून चौथ्यापाशी हळूच म्हणाले,
याच्याखाली शेरा लिही: बदला.

तेरावा पत्रा भिंतीवर नव्हता.
तो तुलनेपुरता, कोरा राहायचा होता,
दांडिया बाजारात, माझ्या खिडकीत, मेथीच्या बरणीशेजारी.
घरी आले तेव्हा ओट्यावर दिसला त्यांना.
मी सेव-उसळ वाढत होते.
अंगठा अर्ध्यात थांबला.
हा कुठल्या प्लँटचा?

मी सांगितलं.
उसळीवरची तर्री निवून जाड झाली.
त्यांनी पत्रा नाकाशी नेला, जुन्या सवयीनं,
मग स्वतःशीच हसले, आणि माझ्या हातात दिला.
तू बघ. तुला येतो.

मी हुंगला.
आधी मेथी आली, वाटतं.
मग काहीच नाही.
मी पुन्हा हुंगला.