हळर्णच्या खंदकाकाठी

डिसेंबरातली सहल. चौतीस मुलं, आम्ही दोन मास्तर.
हळर्णच्या कोटात बघण्यासारखं फारसं उरलं नाही:
जांभ्याचा तट, वडाच्या मुळांनी आवळून धरलेली कमान,
आणि खंदक.
खंदकात घाणेरीचं रान, एक रबरी चप्पल,
मुंगसाच्या जाण्यायेण्याची बारीक वाट.

मुलं काठावर पाय सोडून बसली,
पहाटे पदेराकडून घेतलेले उंडे
पाटलीत अजून कोमट होते.

अभ्यासक्रमात नव्हतं, तरी सांगितलं.
फ्रान्सातलं रूआँ. सहाशे वर्षांपूर्वीचा असाच डिसेंबर.
इंग्रज आणि फ्रेंच शंभर वर्षं लढले
त्यातला एक वेढा; पुस्तकात दीड ओळ.
धान्य संपलं, घोडे संपले, मांजरं संपली,
उंदराला भाव आला.
मग शहरानं हिशेब मांडला:
जो लढत नाही तो खातो कशाला?
म्हातारे, पांगळे, लेकुरवाळ्या
वेशीबाहेर काढल्या, आणि आतून अडसर.
समोर इंग्रजांचे भाले.
ते म्हणाले, आम्ही कुठे यांना बोलावलं होतं?
तेव्हा सगळे राहिले खंदकात.
पावसात. गवत उपटून खात.

"मागीर?"

मागीर काय. खंदकातच बायका बाळंत झाल्या.
तटावरून दोरीनं टोपली सोडत,
पोर वर ओढून घेत,
पाद्री डोक्यावर पाणी शिंपडून नाव ठेवी,
आणि टोपली पुन्हा खाली.

रुझारचा घास तोंडातच थांबला.
"परत सकयल?"
"परत खाली."
नाताळला इंग्रजांनी भाकरी वाटली.
एक दिवस.

हर्षदा च्यारी वर्गात कधी बोलत नसे.
ती म्हणाली, "सर, खंदक कोणाचो?"

मी घड्याळाकडे बघितलं.

आमचं घर न्हयबागला. पलीकडे सातार्डा, आईचं माहेर.
मधे नदी, हाकेच्या अंतराची;
तिकडे कुणी कोयता आपटला
तर इकडे कुत्रं कान टवकारी.
मी सात वर्षांचा असताना नाकेबंदी झाली.
तिकडचे कांदे थांबले, पत्रं थांबली, माणसं थांबली.
आमच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आले,
मुठीहून मोठे, ओल्या पुठ्ठ्याच्या चवीचे.
तिकडचे म्हणत, हे तुम्हाला सोडवायलाच चाललंय.
इकडचे म्हणत, हे तुम्हाला राखायला.

आईची आई त्या वर्षी गेली.
निरोप आला नाही, धूर आला.
आई धक्क्यावर उभी.
पोर्तुगीज शिपायानं टोपी काढून हातात घेतली,
होडी मात्र सोडली नाही.
मग ती तिथेच, कमरेएवढ्या पाण्यात उतरली
आणि लुगड्यासकट बुडी मारली.
भरतीचं पाणी होतं. खारं.
घरी येऊन तिनं ते बटाटे सोलले.

यातलं मुलांना काहीच सांगितलं नाही.
म्हटलं, चला, बस लागलीय.

मोजली, तर तेहेतीस.
दोनदा मोजली.
रुझार खंदकात. घाणेरीत मांडी घालून,
तोंड वर करून बसलेला,
जणू कुणी तिकडून काही टाकणार आहे.
मी ओरडणार होतो.
ओरडलो नाही. पोटावर आडवा झालो,
जांभ्याच्या कडेवरून हात खाली दिला.

त्यानं हात धरला, पण लगेच चढला नाही.
"वर काडा, सर," म्हणाला,
"पूण परत सोडू नाकात."

दुसऱ्या मास्तरांनी माझे पाय धरले.
पोर चांगलंच जड होतं.