फाटक ते ओसरी

दोनशे दहा फूट.
मी टेपने मोजलं, खय्यूम मिस्त्रीनं पावलांनी.
सव्वा फुटाचा फरक आला
तर म्हणतो, टेप ढिला पडलाय तुमचा.

जिंतूर रोडला घर बांधलं तेव्हा
कुणी बोललं नाही की घरापर्यंत यायचंही बांधावं लागतं.
काळी जमीन. पावसाळ्यात चप्पल ठेवून घेते,
उन्हाळ्यात भेगा अशा
की गेल्या साली पडलेली स्कुटीची किल्ली
अजून खालीच चालली असेल.

मुंजाजीनं पेव्हर ब्लॉकचे तीन नमुने आणून ठेवले,
लाल, पिवळा, करडा,
मंगल कार्यालयापुढं असतात तसले.
मेव्हणे म्हणाले, डांबर.
एवढ्याशा वाटेला रोलर कोण आणतो?
भाचा म्हणाला, काँक्रीट ओता मामा,
एकदाच काय ती कटकट.

खय्यूमनं चहा बशीत ओतला, फुंकला.
"ये मिट्टी फुगती साब, फिर बैठती.
उसके ऊपर कुछ भी डालो, दो साल में चटकता."
दोन हात काळी काढा म्हणाला, मुरूम भरा,
पाणी मारा, धुम्मस करा,
एक पावसाळा तसाच जाऊ द्या.
वरचं काय, ते मग बोलू.

प्रयाग इतका वेळ शेंगा फोडत होती.
दिवस मावळला की तिला
माणूस म्हणजे नुसता उभा अंधार दिसतो.
म्हणाली, खडी टाका. बारीक.
कोण आलं ते ऐकू तरी येईल.
मी म्हणालो, अगं, माझी काठी रुतते खडीत.
ती म्हणाली, मग रुतल्याचं ऐकू येईल.

मुरूम पडला. तांबडा, खदानीचा, सतरा टिप्पर.
पावसाळा गेला.
दुधाच्या मोटरसायकलीनं एक चाकोरी पाडली,
आमच्या स्कुटीनं दुसरी,
आणि माणसांनी मात्र कडेकडेनं
लिंबाच्या रोपाला वळसा घालून
एक वाकडी पायवाट काढली, जिचा हिशेब
कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता.

लाल ब्लॉक फाटकाला टेकण म्हणून लागला.
पिवळ्यावर पाण्याचा माठ.
करड्यानं प्रयाग टाचा घासते,
म्हणते, चांगला आहे, खरबरीत.

दिवाळी झाली. खय्यूम दोनदा येऊन गेला,
टाच आपटून बघितली, मान हलवली.
मुंजाजी फोनवर भाव वाढल्याचं सांगतो.
मी बघू म्हणतो.

काल लाइट गेलेली. फाटक लावून येत होतो,
मधेच उभा राहिलो, उगाच,
पायाखाली मुरूम जरासा करकरला आणि गप्प झाला.
ओसरीवरून आवाज आला,
"अर्ध्यातच थांबलात कामून?"