पॅकअप

मे महिन्यात बरं असतं.
बर्डीवर सगळ्याच पोरी
डोळ्यांपुरत्या उरतात.
स्कार्फच्या आत
कोणाचा गाल कसा,
ऊन विचारत नाही.

त्याच मे महिन्यात शूटिंगवाले आले
इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत.
सिनेमातली पोट्टी माझ्यासारखी होती म्हणे.
मेकअपवाल्या रशीदभाईंना
खरा गाल जवळून बघायचा होता.
आई म्हणाली, काहून? काही गरज नाही.
मी स्कार्फ सोडला.

चष्मा पुसून ते बघत राहिले,
सोनार बघतो तसं.
आजवर लोक एक तर बघतच नाहीत,
नाही तर पटकन बघून घेतात.
"इथं रंग बदलतो," ते म्हणाले,
"आधी वांग्यासारखा जांभळा,
कानाकडं जाता जाता पांढरट."
मला माहीतच नव्हतं.

दोन तास लागले हिरोइनला
मी व्हायला.
मग ती रडली. छान रडली.
कूलरपाशी उभी माणसं गप्प झाली.

संध्याकाळी पॅकअप.
खोबरेल तेल, कापूस, पाच मिनिटं.
माझा डावा गाल
कागदी प्लेटमध्ये पडून होता,
समोशाच्या चटणीशेजारी.

रशीदभाई म्हणाले, नाव सांग,
शेवटी टाकायला लावतो, आभारात.
मी म्हटलं, आभार नको.
लिहा,
गाल : यशोधरा रंगारी.