तेवीस किलो

भंगारवाल्या रशीदभाईचा ताणकाटा
दाराच्या कडीला टांगलाय,
आणि एकेक बॅग उचलून आम्ही त्याला लावतोय.
माणशी तेवीस किलो.
तिघांचे एकोणसत्तर.

मलावीतल्या त्या पोरांसाठी
मंडळीने दिलेल्या वह्या, मलमं, जंताच्या गोळ्या,
तरुण संघाने जमवलेले बूट,
एलिशिबाकाकूंनी विणलेले बेचाळीस स्वेटर.
तिकडे थंडी असते का, हे काकूंनी कुणाला विचारलं नाही.
असते. मेपासून असते. मी बघून ठेवलंय.

पाळकसाहेब म्हणाले,
रविवारी तुम्हाला पुढे उभं करून प्रार्थना करू.
मी म्हटलं, आम्ही गेल्यावर करा.
पुढे उभं राहणं लहानपणीच
पुष्कळ झालंय माझं.

क्वार्टर गेटमागचं मुलींचं बालगृह.
दर जानेवारीत परदेशातून एक कुटुंब यायचं,
आई, बाप, पोरं, उन्हाने लालबुंद,
आणि जेवणघराची भिंत रंगवायचं.
एका वर्षी निळी. दुसऱ्या वर्षी पिवळी,
पिवळीवर सूर्य, सूर्याला दात.
सातवीत असताना तिचा एक पोपडा
नखाने काढून मी कडेचे थर मोजले.
नऊ.
संडासाला कडी नव्हती, ती नव्हतीच.

वाईट नव्हती ती माणसं.
त्यांच्यातली एक, माझ्याच वयाची,
आठवडाभर माझे केस विंचरत बसायची.
उवांचं सांगितलं तरी हसायची,
तिला कळलंच नसेल.
मेटाडोर निघाली तेव्हा खिडकीतून
अर्धी बाहेर येऊन रडली,
म्हणाली, लवकर येते.
लवकर हा शब्द मी तेव्हाच
तिच्या भाषेत शिकले.
मग जानेवारी लागला की केसांना तेल,
दोन वेण्या, आणि फाटक.
सोनूताई हाक मारायच्या, सुवार्ता, जेवायला चल.
मी म्हणायचे, आलेच.

खोक्यांतून कपडे यायचे तिकडून.
चांगले असायचे, इस्त्रीचे,
फक्त बटणं आधीच कापून घेतलेली.
सोनूताईंकडे डालड्याचा डबा होता,
त्यातून जे हाताला लागेल ते.
माझ्या एका फ्रॉकला पाच बटणं होती,
पाच जातीची.

रूबेन विचारतो, आई, ब्रश कुठल्या बॅगेत?
चार ब्रश, एक रोलर. सातशे ग्रॅम.
मी ते काढून माळ्यावर टाकते
आणि बोहरी आळीतनं आणलेला डबा आत ठेवते.
बटणं. पुठ्ठ्यावर शिवलेली, डझनाडझनाने,
एकाची जोडी दुसऱ्याला सोडून न गेलेली.
एक किलो शंभर.
काटा तेवीसच्या खाली उतरतो.
सुमंत काही बोलत नाही,
त्याचे चांगले बूट काढून
कपाटाखाली सरकवतो.

आणि एक ऐक, मी रूबेनला सांगते.
निघताना कुणी विचारेल, परत कधी.
लवकर म्हणायचं नाही.

मग काय म्हणायचं?

माहीत नाही म्हणायचं. खरं ते सांगायचं.
आणि सांगून झाल्यावर
लगेच हात सोडायचा नाही.

चौदा वर्षांचा आहे. मान डोलावतो,
कितपत शिरलं देव जाणे.
बॅगेची चेन अडकते, मी तिला मेण लावते,
नाताळातली एक मेणबत्ती उरलीय त्याची.

दहाच्या आत काटा परत द्यायचाय.
रूबेन तो खांद्यावर टाकून निघतो,
जिन्याच्या वळणावर थांबतो,
वर बघतो.
तू किती वर्षं वाट बघितलीस तिची?

तीन, मी सांगते.

सहा होती.