सुधारणा क्रमांक सात

एल पासोबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये
प्लायवुडची एक खोली उभी केलीय,
लष्करी इस्पितळातल्या चारशे खोल्यांचा नमुना.
कर्नल, आर्किटेक्ट, आणि मी, कंत्राटदाराचा दर लावणारा.

सार्जंट अर्व्हिझूला तपासायला आणलं.
व्हीलचेअर दारातून गेली, मोरीत वळली.
सगळ्यांनी खुणा केल्या.

मग तो पलंगावर आडवा झाला.
"इथून नुसतं आभाळ दिसतंय."
आर्किटेक्ट खुलली : तेच तर हवं होतं!
"आभाळ पुरे झालं, बाई.
जे आलं ते तिथूनच आलं.
मला पार्किंग दाखवा. आई गाडी लावते ते."

टेप मांडीशी धरून मी आकडा लिहिला :
खिडकीची कड दीड फूट खाली, गुणिले चारशे.

वरून विचारणा आली : कारण?
रकाना बोटभर.
आई दिसत नाही, लिहिलं.

मंजुरी अजून यायचीय.